कपाटातला खटखट्या

तुम्ही हात धुतलेत, फादर. वेदीमागच्या खोलीत, पांढऱ्या बेसिनमध्ये, चांगला साबण लावून. कोणी पाहिलं नाही असं तुम्हाला वाटलं. खिडकीच्या कट्ट्यावर मी होतो.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खटखट्या आहे. खाली दांडा, वर फळी आणि फळीला सैल बसवलेली लोखंडी कडी. हलवलं की कडी दोन्ही बाजूंना आपटते. चर्चच्या एका मोडक्या बाकाच्या पाठीतून सुताराने मला घडवलं. पवित्र आठवड्यात गुरुवारी, प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या संध्याकाळी, सगळ्या घंटा एकदा मनसोक्त वाजतात आणि मुक्या होतात. शनिवारी पुनरुत्थानाच्या प्रार्थनेतच त्यांना पुन्हा तोंड फुटतं. प्रभूला धरून नेलं, जिवलग पळून गेले; मग घंटेने कोणत्या तोंडाने वाजायचं? तेवढे दिवस लोकांना मी बोलावतो. माझा आवाज गोड नाही. खिळा ठोकल्यासारखा आहे, आणि तो तसाच हवा.

मला वाजवायचे ते घंटाकाका. चाळीस वर्षं दोर ओढून त्यांच्या तळहातांचं चामडं झालं होतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे. दर वर्षी ते माझ्या कडीला तेलाचं बोट लावायचे, तेव्हा काकू म्हणायच्या, "अहो, थोडं माझ्या गुडघ्यांनाही लावा. तेही खटखटतात."

मग तुम्ही यंत्राची घंटा आणलीत, फादर. दुपारी तीनला प्रार्थनेसाठी, चारला पोरांच्या शिकवणीसाठी ती आपोआप वाजायची. ती चालू-बंद करायच्या पेटीची किल्ली एकच. ती तुमच्या कमरेला.

त्याच वर्षी पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी तुम्ही बारा जणांचे पाय धुतलेत, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. बारांतले एक घंटाकाका होते. त्यांच्या टाचांच्या भेगा तुम्ही हळुवार पुसल्यात. मी खरं तेच सांगणार, म्हणून हेही सांगतो.

नंतर काकांनी विचारलं, "फादर, ते यंत्र तेवढं बंद करा. उद्या तीनला वाजलं तर पंचाईत होईल."

"करतो रे बाबा. तू आपली खटखट सांभाळ."

शुक्रवारी चर्च गच्च भरलं होतं. प्रभूने प्राण सोडला, इथवर वाचन आलं. सगळे गुडघ्यांवर टेकले. आणि तीन वाजले. मनोऱ्यावरून घंटा अशी खुशाल वाजली, जणू कोणाचं लग्न लागलं. मागे एकजण फिस्सकन हसला. एक म्हातारी रडू लागली.

प्रार्थना संपल्यावर त्या म्हातारीने दारात विचारलं, "फादर, हे कोणी केलं?"

"घंटेचं काम माझं नाही, आजी."

समितीचे अध्यक्ष तणतणत आले. त्यांनाही तुम्ही काकांकडे बोट करून म्हणालात, "मला काही कल्पना नाही. घंटा तोच बघतो."

शेवटी वेदीमागच्या खोलीत काका आले. मला कट्ट्यावर ठेवून म्हणाले, "किल्ली तर तुमच्याकडे होती ना, फादर?"

"कसली किल्ली?"

शिष्य पेत्राने प्रभूला ओळखत नाही असं तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कोंबडा आरवला होता. इथे चार वाजले आणि यंत्र वाजलं. तुम्ही धावलात, कमरेची किल्ली काढून पेटी उघडलीत, खटका दाबलात. मग परत येऊन हात धुतलेत. प्रभूला मरणाच्या हवाली करून हात झटकणाऱ्या पिलाताने निदान ते भर लोकांत धुतले होते.

काका दारात उभे होते. एवढंच म्हणाले, "काल माझे पाय धुतलेत. आज हात धुताय."

पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला होता. तुम्ही टॉवेल घडी करून ठेवलात.

काकांना कामावरून काढलं, आणि आठवड्याभरात मनोऱ्याखालच्या त्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. चाळीस वर्षं दोर ओढलेल्या माणसाला लोक 'गुड फ्रायडेला घंटा वाजवणारा' म्हणून ओळखू लागले. किल्ली फादरांकडे होती, असं काकू दारोदार सांगत फिरल्या. "नवऱ्याचीच बाजू घेणार ती," लोक म्हणाले. दोन वर्षांनी काका गेले. त्यांच्या मयताला तुम्ही तेच यंत्र लावलंत.

मला तुम्ही कपाटात कोंडलंत. माझी कडी गंजून फळीला चिकटली आहे. मी हलूच शकत नाही. तरीही दर गुड फ्रायडेला, दुपारी तीनला, कपाटात खट, खट, खट वाजतं. तुम्ही दारावर तळहात टेकून उभे राहता. दार मात्र तुम्ही उघडत नाही. मला तुमचा श्वास ऐकू येतो. फादर, तो आवाज माझा नाही. अंधारात माझ्याशेजारी कोण आहे, ते मलाही दिसत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, पुसून ठेवा. पण जुन्या माणसावर खोटा आळ आला, तर गप्प बसू नका. मला ओरडता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

येत्या गुड फ्रायडेला चर्च पुन्हा भरेल. काकू शेवटच्या बाकावर असतील, अजूनही वाट बघत. फादर, त्यांच्यासमोर उभे राहा आणि मोठ्याने सांगा: किल्ली कोणाकडे होती?