डोक्यावर हिरवं पाकीट

थेंब शेवटी फुटला नाही. पण हे तुम्ही ऐकलंच नाही. आत्ता सकाळचे दहा वाजलेत आणि मी घाबरलेलो आहे.

आठ महिने खपून मी तयार केलेलं प्रथिन, सगळंच्या सगळं, एका सिरिंजमध्ये होतं. दुसरीत तेल. दोन्ही तोंडाला तोंड जोडून अंगठ्यांनी इकडून तिकडे ढकलत राहायचं, घट्ट पांढरं मिश्रण होईपर्यंत. त्याचा थेंब पाण्यावर न पसरता टिकला, तरच ते सशांना टोचायचं, म्हणजे त्यांच्या रक्तात आम्हाला हवी ती प्रतिपिंडं तयार होतात. नाहीतर माझे आठ महिने पाण्यात.

आमच्या तैवानमधल्या ताइनानच्या प्रयोगशाळांमध्ये मशीन शहाण्यासारखं चालावं म्हणून त्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात; त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', फक्त पाकिटाची मुदत संपलेली चालत नाही. माझी सीनियर पेइ-शानताई, तिनं ते माझ्या डोक्यावर ठेवलं.

"ताई, मी मशीन नाही."

"आज आहेस. मान हलवू नकोस."

अर्धा तास ढकललं. थेंब टाकला, तो दुधासारखा पसरला. ताईनं आधी पाकिटावरची तारीख बघितली.

"कालच संपलीय. तुझा काही दोष नाही, को-वेइ."

ती खालच्या दुकानातून ताजं पाकीट घेऊन आली. मी आणखी अर्धा तास ढकललं. या वेळी थेंब लोण्याच्या गोळीसारखा तरंगत राहिला. आम्ही दोघं हसत सुटलो.

"मशीन चांगलं आहे," ताई म्हणाली, "फक्त बडबडतं फार."

मा. संचालकांस विनंती, की माझ्या दोन्ही अंगठ्यांना सात दिवसांची भरपगारी रजा मंजूर व्हावी. उरलेला मी कामावर हजर राहीन.