हळदी टोपीवाला

“टेगनला पंचवीस पूर्ण होतील त्या दिवशी तिच्या हातात दे. पोस्टानं धाडू नकोस. आणि तोवर कुणाला दाखवू नकोस, मेल्डा. डेसला तर नाहीच.”

लिनेट हे म्हणाली तेव्हा इमेल्डा फॅलनचे दोन्ही हात पिठात होते. भावजय, धाकट्या भावाची, डेसची बायको, अशी भल्या सकाळी चालत आली, बंद पाकीट टेबलावर ठेवून उभीच राहिली, याचं तिला थोडं नवल वाटलं, पण फार नाही. आई लेकीसाठी काही लिहून ठेवते, ठेवू दे. तिनं हात ॲप्रनला पुसले, भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहिलं आणि शब्द दिला. “बस ना, चहा टाकते,” असंही ती म्हणाली. लिनेट बसली नाही.

दोन दिवसांनी केटल बे गावच्या खाडीत फॅलनांचं होडकं रिकामं तरंगताना सापडलं. आत लिनेटचे बूट होते. चार दिवसांनी लिनेट सापडली. टेगन तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती.

त्याला आता वीस वर्षं झाली. पाकीट इमेल्डाच्या प्रार्थनेच्या पुस्तकाखाली, लाकडी पेटीत होतं. रोज संध्याकाळी सहाला ती खिडकीशी बसून जपमाळ ओढी, शेवटी लिनेटसाठी दहा मणी जास्तीचे, आणि मग पेटी बंद करी. आत काय असेल याचा अंदाज तिला लिनेटच्या दफनाच्या दिवशीच आला होता. पण अंदाज वेगळा आणि उघडून पाहणं वेगळं. शुक्रवारी मांस नाही, रविवार चुकवायचा नाही आणि दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढ्या तीन गोष्टींवर तिचं आयुष्य उभं होतं.

टीव्ही मालिकेचे लोक गावात आले ते आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात. मालिकेचं नाव ‘निळा धक्का’. टास्मानियातलं एक गाव, गावाचा धक्का, धक्क्याखाली एकामागून एक मिळणारी प्रेतं आणि हॉबर्टहून आलेली एक चिडकी पोलीस बाई. गर्दीत दिसायला स्थानिक माणसं हवी होती, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये यादी लागली. इमेल्डानं त्या यादीत धाकट्या भावाचं नाव घातलं, फॉर्मही तिनंच भरला.

“मला कशाला?” डेस म्हणाला. “मी चाललो की नुसता चिखल उडतो.”

“त्यांना चिखलच हवाय. सही कर. चार माणसांत जाशील तरी.”

डेसनं सही केली. मोठ्या बहिणीपुढं त्याचं कधी चाललं नव्हतं. एक दिवस त्याला टोपली घेऊन धक्क्यावरून चालायला लावलं, चहा-बिस्कीट दिलं आणि काम संपलं. डोक्यावर त्याची नेहमीचीच टोपी होती, लिनेटनं विणलेली, हळदीसारखी पिवळी. दुसरी त्याच्याकडे नव्हतीच.

पण दिग्दर्शकाला ओहोटी फार आवडली. पाणी उतरलं की धक्क्याचे खांब मुळापर्यंत उघडे पडत, चिखल चमके. म्हणून धक्क्यावरचं सगळं चित्रीकरण ओहोटीला होई. आणि डेस होता कालवं वाढवणारा माणूस. पाणी उतरलं की त्याच्या टोपल्यांच्या रांगा उघड्या पडणार आणि तो तिकडं चालत जाणार. आणखी चार वेळा तो असाच मागून कामावर निघून गेला. सही झालेली होती, म्हणून कुणी त्याला चित्रातून काढलं नाही.

यंदा जूनमध्ये मालिका सुरू झाली. दर रविवारी रात्री साडेआठला पबमध्ये गाव जमे. आपलं घर दिसलं, आपलं कुत्रं दिसलं, मेलेल्या बाईच्या अंगावर बेकरीवाल्या ग्लेनिसच्या लेकीचा कोट दिसला, अशी हसाहस चाले. तिसऱ्या भागानंतर इंटरनेटवरच्या लोकांना डेस सापडला. देशभर हजारो लोक ही मालिका थांबवून थांबवून पाहत होते आणि स्वतःला ‘धक्क्यावरचे’ म्हणवून घेत होते. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक प्रेत मिळण्याआधी एक पिवळ्या टोपीचा माणूस मागून जातो. एक शब्द बोलत नाही. नेहमी ओहोटीलाच येतो. खुनी तोच. त्यांनी त्याचं नाव ठेवलं, हळदी टोपीवाला.

गावाला हसू आवरेना. ग्लेनिसनं पिवळी टोपी घातलेले स्कॅलप-पाय, म्हणजे आत शिंपल्यांचं सारण भरून भाजलेले, विकायला काढले, ते दुपारपर्यंत संपत. ती डेसला म्हणाली, “तू एवढा पोचलेला असशील असं वाटलं नव्हतं हं. तीस वर्षं पाव देतेय तुला, एकदा तरी गळा धरायचास.”

“पाव ताजा असायचा,” डेस म्हणाला. “कारण मिळालं नाही.”

तो हसला होता. इमेल्डाला ते हसू नीट आठवतं, कारण त्यानंतर तिनं ते पाहिलं नाही.

एक दिवस मेलबर्नहून आलेली दोन मुलं फोन समोर धरून तिच्या फाटकाशी उभी राहिली. “हळदी टोपीवाला इथंच राहतो का?”

“तो माझा भाऊ,” ती हळू आवाजात म्हणाली. “सहाला जेवतो आणि आठला झोपतो. खून करायला वेळ कुठून काढणार बाबा?”

मुलं हसली, तिचे आभार मानून गेली. संध्याकाळी तेवढाच तुकडा सगळीकडे फिरत होता. खाली लिहिलं होतं, ‘बहीण पाठीशी घालते आहे.’

याचा ग्लेनिसला राग आला. तिनं ‘धक्क्यावरच्यां’च्या पानावर जाऊन खरमरीत लिहिलं, ‘अहो शहाण्यांनो, ओहोटीला कालवंवाला कामावर जाणार नाही तर काय नाचायला जाणार? पाणी उतरल्याशिवाय त्याच्या रांगांपर्यंत पोचताच येत नाही. आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. भरती-ओहोटीचं कोष्टक बघायला शिका.’ बेकरीत येईल त्याला ती ते वाचून दाखवी.

आणि ते शिकले. पंधरा दिवसांनी पर्थच्या कुणा माणसानं वीस वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्राचं कात्रण शोधून काढलं. ‘हळदी टोपीवाल्याची बायको बुडाली होती.’ चौकशीत डेस्मंड फॅलननं सांगितलं होतं, सकाळी सात ते दहा मी कालवांवर होतो. त्याच्या शेजारी त्या माणसानं त्या दिवसाचं कोष्टक लावलं होतं. भरती सव्वाआठला. सात ते दहा त्या रांगांवर पुरुषभर पाणी असणार. खाली ग्लेनिसचंच वाक्य होतं, नावासकट, ‘पाणी उतरल्याशिवाय पोचताच येत नाही.’

गाव त्या रविवारी पबमध्ये जमलं, पण हसलं कुणी नाही. सगळ्यांना कोष्टक येत होतं, आणि वीस वर्षांत कुणीही ते उघडून पाहिलं नव्हतं. मेलेल्या बाईच्या नवऱ्याचं बोलणं कोण ताडून बघतं? आता मात्र जो तो ताडून बघत होता. हॉबर्टमधल्या दोन हॉटेलांनी कालवं नकोत म्हणून कळवलं. डेसच्या शेडच्या दारावर कुणीतरी रंगानं ‘सव्वाआठ’ एवढंच लिहिलं. पिवळ्या टोपीचे स्कॅलप-पाय बेकरीच्या काउंटरवरून गेले.

टेगन हॉबर्टच्या इस्पितळात नर्स होती. तिचा बापाला फोन आला. “त्या दिवशी कुठं होतास, बाबा?”

“कामावर.”

“पाणी होतं रे तिथं.”

 मग तिनं आत्याला फोन लावला.

“आत्या, तू खोटं बोलत नाहीस. तुला काही माहीत असेल तर सांग.”

इमेल्डाची नजर पेटीकडे गेली. “सप्टेंबरात तुझ्या वाढदिवसाला येते. तेव्हा बोलू.”

“सप्टेंबर कशाला? आत्ता सांग. बाबांनी काही केलं नाही, एवढंच म्हण.”

“त्यानं काही केलं नाही.”

“पाहिलंस तू?”

पाहिलं नव्हतं. “आत्ता नको विचारूस, पोरी,” ती म्हणाली.

“म्हणजे आहे काहीतरी,” टेगन म्हणाली आणि फोन ठेवला. वार्डातल्या बायका तिच्याकडे पाहून बोलणं थांबवतात हे इमेल्डाला नंतर तिसऱ्याकडूनच कळलं. त्यानंतर टेगननं बापाचा फोन घेतला नाही. आत्याचाही नाही.

दुसऱ्या दिवशी इमेल्डा डेसच्या शेडमध्ये गेली. डेस कालवं निवडत होता, मोठी एकीकडं, बारकी परत पाण्यात जायला दुसरीकडं. टोपी डोक्यावर नव्हती.

“सव्वाआठला कुठं होतास?” तिनं विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याचे हात चालूच राहिले. “धक्क्यावर. तिचे बूट होते टोकाला. जोडीनं मांडून ठेवलेले, दाराबाहेर ठेवावेत तसे. होडकं बांधलेलंच होतं, मेल्डा. ती होडक्यातून गेलीच नाही.”

“मग होडकं?”

“मी सोडलं. बूट आत टाकले आणि दोर सोडला. उलटलं म्हणतील, लाट आली म्हणतील. पोरगी मोठी होईल तेव्हा तिला समुद्रानं आई नेली असं वाटू दे. आई स्वतः गेली असं नको.” त्यानं एक कालव उलटंपालटं करून पाहिलं. “फादरनी दफनही नीट केलं, जीव दिलेल्या बाईचं केलं असतं की नाही कोण जाणे. तुझ्यासाठीच ते.”

इमेल्डा म्हणाली, “हे टेगनला सांग.”

“बाप खुनी वाटला तर ती बापावर रागावेल. हे कळलं तर स्वतःवर रागावेल. पाच वर्षांच्या पोरीला टाकून गेली, म्हणजे पोरीतच काही कमी असेल. मला ठाऊक आहे ती कशी आहे.” मग तो थांबला. “शब्द दे. तू सांगणार नाहीस.”

भावानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि इमेल्डानं नाही म्हटलं. “मी आधीच एकदा शब्द दिलाय, डेस. दुसरा देता येत नाही.”

कुणाला, असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा वाटलं. त्यानं फक्त तिच्याकडे पाहिलं, फाटकाशी आलेल्या त्या मुलांकडे पाहावं तसं.

घरी येऊन तिनं किटली ठेवली आणि पेटीतून पाकीट काढलं. वाफेवर धरलं की डिंक सुटतो, हे कुणालाही माहीत असतं. आत लिनेटच्या अक्षरात असेल तर सगळं असेल. आज उघडलं, आज टेगनला फोनवर वाचून दाखवलं, तर उद्या बापलेक बोलतील. वाढदिवसाला अजून सात आठवडे होते. पाकिटाचा कोपरा ओलसर होऊन वाकला. तिला लिनेटचं ते उभं राहणं आठवलं, न घेतलेला चहा आठवला. त्या बाईनं जगात शेवटचं एकच मागितलं होतं, आणि तेही आपल्याकडे, कारण आपण मोडणार नाही याची तिला खात्री होती. तिनं किटली उतरवली. त्या संध्याकाळी जपमाळ हातात घेतली, पण मणी पुढं सरकेनात. नेम सांभाळते आहे की नेमाच्या आड लपते आहे, हे तिनं देवाला विचारलं.  सहाचे सात वाजले.

शेवटच्या भागात खुनी गावचा डॉक्टर निघाला. पोलीस बाई पावसात रडली आणि मालिका संपली. ‘धक्क्यावरचे’ दोन दिवस भांडले, शेवट पटला नाही म्हणाले. हळदी टोपीवाल्याचा शेवटी काही संबंधच लावला नाही, ही लेखकांची ढिलाई, असं पर्थच्या माणसानं लिहिलं. तिसऱ्या दिवशी ते सगळे दुसऱ्या कुठल्या मालिकेकडे गेले. फाटकाशी येणारी मुलं बंद झाली. हॉटेलांनी मात्र पुन्हा कालवं मागवली नाहीत आणि टेगनचा फोन आला नाही. ग्लेनिस एकदा पाव देताना म्हणाली, “मी चांगल्यासाठीच लिहिलं होतं गं.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” इमेल्डा म्हणाली. “यादीत नाव घालताना.”

शेडमधली टोपी डेसनं शेगडीत घातल्याचं तिनं राखेवरून ओळखलं. लोकर जळाल्याचा वास दोन दिवस तिथं होता.

सप्टेंबर उजाडला. वॅटलची झाडं फुलून पिवळी झाली, आणि गावातल्या कुणी त्या रंगावर विनोद केला नाही. टेगनच्या वाढदिवसाच्या सकाळी इमेल्डा पाचला उठली. जपमाळ आधीच उरकली, दहा मणी जास्तीचे तेही. पाकीट पिशवीत ठेवलं. एक कोपरा अजून वाकलेला होता.

दार उघडलं तर पायरीवर ओलं गोणपाट होतं. आत दोन डझन कालवं, सगळी मोठी, निवडून घेतलेली. टेगनला दर वाढदिवसाला बाप पाठवी तशीच. चिठ्ठी नव्हती. समोर खाडीत पाणी पार उतरलं होतं आणि खूप लांब, रांगांच्या मधून, एक उघड्या डोक्याचा माणूस वाकून काम करत होता. त्यानं वर पाहिलं की नाही हे इतक्या अंतरावरून कळत नव्हतं.

तिनं हाक मारली नाही. पिशवी खांद्याला लावली, गोणपाट दुसऱ्या हातात घेतलं, आणि हॉबर्टची सातची बस चुकू नये म्हणून ती धक्क्याच्या बाजूनं न जाता वरच्या रस्त्यानं चालू लागली.