मिस्त्रींचा उजवा हात माझ्याकडे आहे

मी एक जुना चष्मा आहे. पण मित्रांनो, मला लावून पेपर वाचायला जाल तर भिंतीवर आपटाल. मी आभासी चष्मा. आभासी तंत्रज्ञान म्हणजे जे नाही ते अगदी खऱ्यासारखं दाखवायचं. हेच कुणी तोंडाने केलं तर त्याला थापाड्या म्हणतात. मला मात्र कारखान्यातून थेट इस्पितळात नोकरी लागली.

सुरुवातीला शिकाऊ डॉक्टर माझ्यातल्या आभासी रोग्यावर ऑपरेशनचा सराव करत. तो बिचारा एकाच सकाळी अकरा वेळा गेला आणि बाराव्यांदा तक्रार न करता टेबलावर हजर झाला. भाजलेल्या मुलांचं ड्रेसिंग चाले तेव्हा मी त्यांना मासे दाखवी. मासे मोजता मोजता ती रडायची विसरत. माझं फार कौतुक होई.

मग मिस्त्री आले. सुतार माणूस. करवतीच्या यंत्रात त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला होता, पण पकड गेली नव्हती. शेवटच्या क्षणी धरलेली फळी तो नसलेला हात सहा महिने आवळून होता. नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुतत होती. दुखणं मात्र खरं होतं.

उपचार करणाऱ्या बाईंनी मला त्यांच्या डोळ्यांवर चढवलं. मी त्यांचा डावा हात पाहिला आणि तसाच उजवा शेजारी काढून दाखवला. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला. मग सवयीने समोरच्या आभासी टेबलावर टकटक करत म्हणाले, "लाकूड भिकार आहे."

"दोन्ही मुठी आवळा. आता सावकाश उघडा," बाई म्हणाल्या.

"दिसायला उघडली हो. आतली उघडत नाही."

तेरा दिवस हेच. चौदाव्या दिवशी त्यांची बायको वैतागली. "अहो, सोडा की ती फळी! कुणाचं कपाट अडलंय तुमच्यावाचून?"

मिस्त्रींना हसू फुटलं. आणि हसता हसता ते ओरडले, "सुटली!"

बाईंनी झटकन पाय मागे घेतला. मग स्वतःच ओशाळल्या.

निघताना मिस्त्रींनी हळूच विचारलं, "हा हात घरी नेता येईल?"

"काही नको," बायको म्हणाली. "आहे त्या हाताने कप तरी उचलता का कधी?"

दोघं हसत गेली, ती परत आली नाहीत. बरा झालेला माणूस कशाला येईल? हात मात्र माझ्याकडेच राहिला.

पुढे नवे, हलके चष्मे आले आणि मी कपाटात गेलो. बॅटरी केव्हाच संपली. तरी हात आहे. आधी तो आतून टकटक करून कपाटाचं लाकूड तपासायचा. सफाईवाल्या मावशी म्हणायच्या, "उंदीर झालेत मेले." हल्ली टकटकही थांबली आहे. मूठ पुन्हा आवळली गेली आहे. मिस्त्रींना आता दुखत नाही. दुखतं ते इथे.

म्हणून विनवणी करतो, मित्रांनो. जुनी यंत्रं कपाटात टाकण्याआधी आत कोण राहिलंय ते बघत जा. आणि हे कपाट कधी उघडलंत तर मला चार्ज करा, डोळ्यांवर चढवा आणि आपली डावी मूठ सावकाश उघडा. घाबरू नका. पाय तेवढा मागे घ्या.