धाकट्यानं निवडायचं

थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी निवडायचं, असा आमच्या कोडोलीकडचा जुना रिवाज. थोरला लबाडी करायला गेला तर वाईट वाटा त्याच्याच गळ्यात पडतो, म्हणून सगळं गाव या रिवाजावर डोळे मिटून विश्वास टाकतं. जोतीरामनंही टाकला, आणि तिथंच तो फसला.

वारणेच्या पात्रातल्या बेटावर पणजोबांनी बांधलेलं दगडी घर होतं, भोवती उसाचं रान. जोतीराम तिथंच जन्मला, तिथंच राबला. त्या घरावर त्याचा जीव. थोरला भाऊ सयाजी शहरात, राजारामपुरीत फ्लॅट घेऊन राहिलेला. वाटणीला आला आणि त्यानं दोन वाटे पाडले. एकात बेट, घरासकट. दुसऱ्यात काठावरचं रान, बेटाकडं नेणाऱ्या एकमेव बांधासकट.

"निवड बाबा," सयाजी म्हणाला.

"बेट!" जोतीरामनं श्वाससुद्धा घेतला नाही.

त्याची बायको तानाबाई हळूच म्हणाली, "आन् बांध?"

"भावाभावात वाट कुणी इचारतंय व्हय?" असं म्हणून त्यानंच तिला गप्प केलं.

सातबारे वेगळे झाले. पुढं ऐन ऊसतोडीत बांधाच्या तोंडाशी लोखंडी फाटक लागलं. माणूस बाजूनं कसाबसा जाईल, ट्रॅक्टर नाही. ट्रॅक्टर आला तसा परत गेला आणि तोडलेला ऊस बेटावर वाळायला लागला.

जोतीराम तडक राजारामपुरीत गेला. सयाजीनं त्याला बसवलं, चहा सांगितला.

"बांध माझ्या वाट्यात हाय जोत्या. तूच निवडलंस की! जमत नसंल तर बेट मलाच इक. दिईन त्यात खूश ऱ्हा."

जोतीरामच्या अंगाची लाही लाही झाली. कोर्टकचेरी करून वाट मिळालीही असती. पण त्याला लागलं होतं ते वेगळंच. बेट म्हटलं की आपण आंधळे होतो, हे साऱ्या गावात सयाजीएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. पाठीवर घेऊन पोहायला शिकवणारा भाऊ तो. त्यानं धाकट्याची माया मापूनच वाटे पाडले होते.

"दादा, बदलूया," जोतीराम म्हणाला. "बेट घे, घर घे. काठ मला दे."

सयाजी मोठ्यांदा हसला. "खुळा हाईस काय? बिनवाटंचं बेट घिऊन मी काय करू?"

बोलून गेल्यावरही त्याची मान खाली गेली नाही. जोतीरामनं चहा तसाच ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा थोरल्याच्या पाया न पडता तो जिना उतरला.