आठांतल्या दोन स्प्रिंगा

धाकटी जाऊ कारखान्यात रुजू झाली तेव्हा थोरलीला तिथे अठरा वर्षं झाली होती. कारखाना सेफ्टी व्हॉल्व्ह बनवायचा. बॉयलरमधला वाफेचा दाब हाताबाहेर गेला की आपोआप उघडून वाफ सोडून देणारे व्हॉल्व्ह. त्यांचा सगळा जीव आतल्या स्प्रिंगेत. थोरली त्या स्प्रिंगा तपासायची. यंत्रात धरून दाबायच्या आणि काट्यावरचा आकडा लिहायचा. काट्यावरून तिची नजर ढळत नसे म्हणून फिटर मंडळी तिला तोंडावर 'काटेबाई' म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

धाकटी धातूंचं शास्त्र शिकून आली होती. कुठल्या कामाला कुठला धातू, हे ती ठरवायची. सहा महिन्यांत मोठे साहेब प्रत्येक बैठकीत तिच्याकडे वळायला लागले. "तुमचं काय मत?"

एका नव्या गिऱ्हाइकाची वाफ फार गरम होती. धाकटीने भिंतीवर आलेख दाखवला. "आपलं नेहमीचं पोलाद एवढ्या गरमीत बसतं, सर. स्प्रिंगेचा जोर उतरतो आणि व्हॉल्व्ह वेळेआधीच उघडतो. इथे निकेलचा मिश्रधातूच हवा."

"वा!" साहेब म्हणाले. "हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

थोरली मागच्या खुर्चीत बसली होती. हेच तिने दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या टेबलापाशी उभं राहून सांगितलं होतं. "साहेब, ह्या स्प्रिंगा भट्टीतून आल्या की बसतात हो." तेव्हा साहेबांनी मानही वर केली नव्हती. "बाई, तुम्ही आकडे लिहा."

कानामागून आली आणि तिखट झाली, असं थोरली मनात म्हणाली. मग दिवसभर तेच म्हणत राहिली.

घरीही सुटका नव्हती. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "धाकटी म्हणजे कारखान्याचं डोकं आहे, डोकं!"

"आणि थोरली?"

"ती पण असते की तिथेच."

थोरली आत चहा गाळत होती. अर्धा कप ओट्यावर सांडला.

निकेलच्या आठ स्प्रिंगा आल्या त्या दिवशी धाकटी साहेबांबरोबर बैठकीत होती. थोरलीने दार लोटून घेतलं आणि कधी नव्हे इतक्या बारकाईने तपासायला बसली. तारेची जाडी, वेढे, उंची, जोर, सगळं पाहिलं. तिला खोट हवी होती. एक तरी, छोटीशी. पण मापं अगदी चोख होती. चिडून तिने खणातलं चुंबक काढलं. लोखंडाचा कीस गोळा करायला ते ठेवलेलं असे. हा मिश्रधातू चुंबकाला चिकटत नाही, हे धाकटीनेच एकदा जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं.

पहिली नाही चिकटली. दुसरी नाही. तिसरी टक्कन चिकटली. सातवीही.

पुरवठादाराकडून पोलादाच्या दोन स्प्रिंगा मिसळल्या गेल्या होत्या. रंग तोच, चकाकी तीच. सोबतच्या दाखल्यावर आठही निकेलच्या.

थोरलीला आनंद झाला. तो आनंद आहे हे कळूनही तो कमी झाला नाही. उद्या अकराला गिऱ्हाइकाचा इंजिनिअर येणार होता. आठांतली कुठलीही एक तो स्वतः उचलणार, ती व्हॉल्व्हमध्ये बसवून गरम वाफेवर चालवायची. ही कल्पनाही धाकटीचीच. उचलू दे की.

तपासणीच्या कागदावर चुंबकाचा रकानाच नव्हता. मापं बरोबर होती. तिने सही केली.

सकाळी दोघी नेहमीसारख्या एका स्कूटरवर निघाल्या. मागे बसलेली धाकटी म्हणाली, "वहिनी, रात्रभर डोळा लागला नाही. पण म्हटलं, तुम्ही पाहिल्यात ना, मग घोर कशाला!"

थोरलीने स्कूटरचा वेग वाढवला. हिला माझ्यावर विश्वास टाकायलाही किती सोपं जातं, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिचा आणखी जळफळाट झाला.

अकराला इंजिनिअरने सातवी उचलली.

फिटरने ती बसवली, व्हॉल्व्ह उघडायचा दाब ठरवून दिला आणि वाफ सोडली. पाइप तापत गेला. सगळे जाळीमागे उभे राहिले. पाऊण तास झाला. थोरलीची नजर सवयीने काट्यावर. व्हॉल्व्ह उघडायला अजून बराच दाब बाकी होता, आणि तेवढ्यात बाहेरच्या तोंडापाशी बारीक सूं ऐकू आलं. "नट ढिला असेल," म्हणत फिटर पाना घेऊन जाळीच्या आत गेला. दाब अजून लांब आहे या भरवशावर तो त्या तोंडासमोरच वाकला.

"मागे हो!" थोरली ओरडली. "मागे हो आधी! वाफ बंद करा!"

फिटर दोन पावलं मागे सरला न सरला तोच व्हॉल्व्ह फाडकन उघडला. पांढऱ्या वाफेचा लोट समोरच्या भिंतीवर आदळला. वाफ ओसरली तेव्हा फिटर जमिनीवर बसलेला होता. पाना हातात तसाच, चेहरा पिठासारखा.

"ती स्प्रिंग निकेलची नाही," थोरली म्हणाली. "चुंबक लावून बघा. तिसरीलाही."

सगळा गोंधळ धाकटीने निस्तरला. त्या दोन स्प्रिंगा परत पाठवायला काढल्या, निकेलच्या एकीवर चाचणी पुन्हा घेतली. ती पार पडली. इंजिनिअर जाताना म्हणाला, "तुमच्याकडे चूक पकडणारं माणूस आहे, हे बरं वाटलं." साहेबांनी अभिमानाने धाकटीकडे पाहिलं. अशा वेळीसुद्धा थोरलीला ते लागलं.

संध्याकाळी तपासणीच्या खोलीत दोघीच उरल्या.

"कधी कळलं तुम्हाला?" धाकटीने विचारलं.

"काल. चारच्या सुमाराला."

"आणि सही केलीत."

"मापं बरोबर होती."

"वहिनी."

थोरलीने चुंबक खणात टाकलं. "तुझी फजिती व्हावी असं वाटत होतं मला. फिटरचं तोंड भाजेल, हे डोक्यातच नव्हतं."

"मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

"काहीच नाही. तेच तर सहन होत नव्हतं."

धाकटीने पिशवी उचलली. "घरी मी काही बोलणार नाही. पण आज तुमच्या मागे बसून येणार नाही." ती बसने गेली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने स्वतःच्या हाताने लिहून साहेबांना दिलं: दोष आदल्या दिवशीच कळला होता, सांगितला नाही, चूक माझी. साहेबांनी दोनदा वाचलं. ताकीद दिली आणि तीन महिने तिच्या सहीचा अधिकार काढून घेतला. फिटरची माफी तिने सगळ्यांसमोर मागितली. तो "असू द्या" म्हणाला, पण काटेबाई म्हणायचं त्याने सोडलं.

तीन आठवडे दोघी जावा घरात कामापुरतंच बोलत होत्या. मग एका दुपारी धाकटी एक तुटकी स्प्रिंग घेऊन तिच्या यंत्रापाशी आली.

"हिला तडा आतून गेलाय की बाहेरून? मला कळत नाहीये."

थोरलीने ती उजेडात धरली. "बाहेरून. ही रेघ बघ, तार ओढतानाच पडलेली."

धाकटीने वहीत लिहून घेतलं. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. थोरलीला पुन्हा बारीकसा हेवा वाटला, आणि तो तसाच राहू देऊन तिने पुढची रेघ दाखवली.