गिरिजाबाईचा हात आणि मी

मी अंबाडीचा एक जुना दोर आहे, मित्रांनो. लांबलेल्या बोलण्याला माणसे चऱ्हाट म्हणतात, तेव्हा मी आवरते घेऊनच सांगतो. घनसावंगीच्या बाजूला, गोदाकाठच्या एका गावात रखमाजींनी मला मांडीवर पीळ देऊन वळले. वर्षभर मी गाडीतला कडबा आवळायचो आणि नागपंचमीला लिंबावरचा झोका होऊन मिरवायचो. "दोर असावा तर असा!" बाया म्हणत, आणि मी फुगून जाई.

रखमाजींच्या दोन सुना, गिरिजाबाई आणि बेबीनंदा, जोडीने झोका घेत. एका पावसाळ्यात गोदावरीत होडी उलटली. गिरिजाबाईने धाकट्या जावेचा हात धरला होता. तो सुटला. गिरिजाबाई काठाला लागली, बेबीनंदा नाही.

तेव्हापासून गिरिजाबाई उजवा हात पदराखाली झाकू लागली. पोटच्या लेकीने बोट धरले तरी झटकी. "म्या सोडला," एवढेच म्हणे. पंचमीला ती मान खाली घालून लिंबापासून दूर निघून जाई, आणि इतर बायांना झुलवताना मला मेल्याहून मेल्यासारखे होई. पुढे झोकाच बंद झाला. मी खुंटीवर धूळ खात राहिलो.

मग जालन्याहून सत्यशीलाताई आल्या. नाच, खेळ, चित्रे यांतून मनाचे दुखणे हलके करायचे, हे त्यांचे काम. अंगणात बाया जमवून त्यांनी पहिल्याच दिवशी फुगडी लावली. कुणीतरी हात धरताच गिरिजाबाई किंचाळून घरात पळाली. ताई ओशाळल्या. फुगडीला हातात हात लागतो, हेच त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खुंटीवरून काढले. "हात नको, गिरिजाबाई. हा दोर धरा. दोघींनी मागं रेलायचं, बस."

दुसरे टोक धरायला झुंबरबाई उठल्या. बेबीनंदाची आई! गावातच राहायच्या, पण गिरिजाबाई त्यांची वाटसुद्धा टाळायची. माझे पहिले टोक धरलेल्या तिच्या तळहाताचा घाम मला लागत होता. दोघी रेलल्या. नजरेला नजर भिडली आणि मी गिरिजाबाईच्या हातून सुटलो. म्हातारी धपकन मातीत बसली.

"म्या पुन्हा सोडला," गिरिजाबाई तोंड झाकून रडू लागली.

झुंबरबाई लुगडे झटकत उठल्या. "सोडला न्हाईस, बाई. सुटला. आत्ता माझ्या डोळ्यांनी पाह्यलं म्या. तवाबी असाच सुटला आसंल. धर मंग, जल्दी."

गिरिजाबाईने पदराखालचा हात बाहेर काढला आणि मला उचलले.

मित्रांनो, आता मी झिजलो आहे. मागणे एवढेच, की जगून परत आलेल्या माणसाला "तुझा हात सुटलाच कसा?" असे विचारू नका. त्याच्यासमोरचे टोक धरा. पडलात, तर उठून पुन्हा धरा.