दुपारपर्यंतचं सूप

थर्मासच्या बुचाला आतून एक नूडल चिकटलेला होता — फुगलेला, पांढुरका, धुणं धुऊन सुरकुतलेल्या बोटासारखा. इव्हानं तो नखानं काढायला घेतला तर हाताला नुसता लगदा आला. तिनं बोट नळाखाली धरलं आणि धरूनच राहिली... मम्मी हे खाते. रोज दुपारी, एकटी, हाच लगदा डाव्या हातानं चमच्यावर घेते, आणि संध्याकाळी विचारलं की म्हणते, "बरं होतं गं."

बरं कसलं डोंबल! रविवारी मिसाहून आल्यावर ह्याच मम्मीचा टेबलावर केवढा दरारा असायचा. नूडल्स चर्चला जायच्या आधीच उकडलेले — किंचित कच्चट असतानाच उतरवून, गार पाण्याखाली धरून, तेलाचं बोट लावून वेगळ्या पातेल्यात झाकलेले. सूप स्टोव्हवर. पप्पा चर्चच्या पायरीवर गप्पा छाटत उभे राहिले तर घरात सगळ्यांनी उपाशी बसायचं. ते येणार, हात धुणार, प्रार्थना होणार, आणि मग उकळतं सूप नूडल्सवर पडणार. "नूडल्स थांबत नाहीत, आपण थांबायचं," असं ती म्हणायची. फ्रेडीनं, धाकट्या भावानं, एकदा आधीच ओतून घेतलं तेव्हा त्याला पळीचा प्रसाद मिळाला होता. पप्पा आता नाहीत, आणि तो मस्कतला. तिथून त्याला मम्मीची फार काळजी वाटते.

म्हणजे नूडल्स कसे करायचे हे इव्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मम्मीच्या अंगावरून वारं गेल्यापासून तिला उजवा हात उचलत नाही. नूडल्स वेगळे ठेवायचे तर दुपारी सूप पुन्हा उकळून ओतायला कुणीतरी हवं. म्हणून सकाळीच सगळं एकत्र, कोमट करून थर्मासमध्ये — कांदिवलीहून निघायचं, मरोळला मम्मीच्या उशाशी थर्मास ठेवायचा आणि साकीनाक्याला कामावर पळायचं. मी तरी काय करणार? एवढी धावाधाव कोण करतं?... असं ती म्हणायची खरी, पण चोराच्या मनात चांदणं. कारखान्यापासून मम्मीचं घर चालत जाण्यासारखं होतं. जेवणाची सुट्टी होती. त्या सुट्टीत इव्हा कामावरच्या नलिनीबरोबर पंख्याखाली डबा खायची, तिनं केलेल्या सुपरवायझरच्या नकला बघून हसायची.

आज तिनं नूडल्स वेगळ्या डब्यात भरले. "दुपारी येते," असं मम्मीला सांगितलंसुद्धा, आणि सांगितल्यापासूनच मन मागे सरायला लागलं. स्विच खोक्यात भरताना ती कारणं शोधत होती. ऊन फार आहे. साहेब सोडणार नाहीत. साहेबांनी एका शब्दात सोडलं.

"कुठे गं निघालीस? बस ना, मी कोलंबीचं लोणचं आणलंय," नलिनी म्हणाली.

"आईकडे."

"आज काय आहे?"

काही नाही, असं सांगताना इव्हाचा चेहरा कानापर्यंत तापला.

मम्मी उठून बसलेली होती. तिनं केस विंचरायचा प्रयत्न केला होता, एका बाजूचे तेवढे विंचरलेले. टेबलावर रविवारची वाटी. कधीपासून काढून ठेवली होती कुणास ठाऊक. इव्हानं सूप खळखळ उकळलं, नूडल्सवर ओतलं. मम्मीनं डाव्या हातानं क्रूसाची खूण केली, वाटीत डोकावली आणि हसली — अर्ध्या तोंडानं.

"अख्खे आहेत गं. मी करायचे तसेच झालेत."

पहिल्याच चमच्याला नूडल वाकड्या ओठांतून निसटून हनुवटीवर आला. मम्मी चावत होती, तोंड वळत नव्हतं, सूप गळ्यावरून ओघळत होतं. इव्हानं फडकं घेतलं, पुसलं, आणि पुसता पुसता तिची नजर सवयीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. ऊन नाही, साहेब नाहीत... ह्या तोंडाकडे तिला बघवत नव्हतं. ज्या तोंडानं सगळ्या घराला हाका मारल्या त्या तोंडाकडे. दुपारी न येण्याचं खरं कारण एवढंच होतं.

मम्मीनं चमचा खाली ठेवला.

"राहू दे जरा. मऊ होऊ देत."

"मऊ? तुला तर—"

"आता नाही चाववत मला. तुझे रोजचे बरे लागतात." ती वाटीकडेच बघत होती. "उद्यापासून सकाळीच घालत जा त्यात. उन्हाचं धावत येऊ नको. आणि इथे बसलीस की तुला त्रास होतो, मला कळतंय."

हे खरंच चाववत नाही म्हणून, की कॅलेंडरकडे गेलेली नजर तिनं पाहिली म्हणून? इव्हाला ठरवता येईना. विचारायची हिंमतही होईना. आणि ह्या सगळ्याच्या आधी, विचार सुरू व्हायच्याही आधी, तिला हलकं वाटलं होतं — सुट्टी मिळालेल्या पोरासारखं, छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं. लाज मागून आली. ती मागून आली हेच तिला सोसवेना.

सुट्टी संपत आली होती. ती उठली नाही. वाटीतले नूडल्स सूप पीत हळूहळू फुगत होते, आणि मम्मी त्यांच्या मऊ होण्याची वाट बघत होती, मुकाट, पूर्वी सगळ्यांना बसवायची तशी. इव्हानं फडकं मुठीत धरलं आणि कॅलेंडरवरची नजर काढून, फार जड वाटत असूनही, तिच्या तोंडावर ठेवली... उद्या ती येईल की नाही, हे तिला अजून माहीत नव्हतं.